उजेडाकडे धरून

परशरामअण्णांच्या हातात काहीही द्या, ते आधी उजेडाकडे धरतात. लग्नपत्रिका असो, पापड असो, गॅसची पावती असो. दाराशी जायचं, हात वर करायचा, एक डोळा बारीक करून आरपार बघायचं. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी अशी दोन मिनिटं धरली आणि "कागूद मधी विरळ हाय" म्हणून मला परत दिली. लग्न कधी आहे, ते वाचलंच नाही. गुडघ्यांसाठी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे काढून खिडकीकडे धरला. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्यो माणूस शिकलेला दिसतोय."

वडगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. अण्णांनी चाळीस वर्षं शेजारच्याच शहापूरच्या एका दुकानात मागावरून आलेल्या साड्या तपासल्या. दारात लाकडी दांडी, दांडीवर साडी, मागे उजेड. धागा सुटलेला दिसला की त्या जागी लाल दोऱ्याची गाठ मारायची. काही दिसलं नाही तर घडी घालायची. एवढंच काम. चांगल्या साडीला चांगली म्हणायची पद्धत नव्हती. "बरी हाय म्हणायला माणूस कशाला ठेवतंय कोण? घडी घातली म्हंजे कळालं की."

मी यादी करणारी बाई आहे. मुलगी सासरी गेल्यावर 'आता करायच्या गोष्टी' अशी एक यादी केली, तिच्यात गच्चीची गळती, दाढदुखी वगैरे उरकल्यावर सातव्या क्रमांकावर चित्रकला होती. मोबाइलवरच्या एका वर्गात नाव घातलं. अण्णांचंही घातलं, कारण गंगाक्का, म्हणजे त्यांची बायको, वारून तीन वर्षं झाली होती आणि अण्णा दिवसभर कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या भाजीच्या पिशव्या उजेडाकडे धरायला मागत होते. गल्लीतून तक्रारी येऊ लागल्या होत्या.

वर्ग पुण्याच्या एका तरुण सरांचा. आधी सरळ रेघ, मग वर्तुळ, मग ठोकळा, मग सावली. काढलेल्या चित्राचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि बाकीच्यांनी मत द्यायचं. त्यातही नियम होता: आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग एक सुधारणा.

पहिल्या आठवड्यात हाताने पन्नास वर्तुळं काढायची होती. अण्णांनी काढली. मग लाल पेन घेऊन स्वतःच्याच एकोणपन्नास वर्तुळांवर फुल्या मारल्या आणि फोटो टाकला. पन्नासाव्याला काहीच केलं नव्हतं. सरांना कळेना. मी खाली लिहिलं, 'त्याची घडी घातली असं समजा.'

चित्र अण्णांना यथातथाच यायचं, पण मत द्यायचं काम मिळाल्यावर त्यांचे गुडघे दुखायचे थांबले. सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते मोबाइल घेऊन दाराशी उभे राहायचे आणि पडदा सूर्याकडे धरायचे. त्यात काहीच दिसायचं नाही.

"अण्णा, उजेड मोबाइलच्या आतूनच येतो."

"आतला उजीड काय खरा नसतोय गं सुमन."

शेवटी त्यांनी स्वतःच उपाय शोधला. ग्रुपवरची सगळी चित्रं ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायला लागले. घराच्या दारातही त्यांनी दुकानातल्यासारखी दांडी लावली. कागद तिच्यावर टाकायचा, चूक दिसेल तिथे सुईने लाल दोरा ओवून गाठ मारायची आणि त्याचा फोटो ग्रुपवर. खाली चार शब्द: 'कप कलंडतोय.' 'सावली उलट्या बाजूला.' 'मांजराचा केस पडलाय.' यातला केस खरोखरचा होता, हे चित्र टाकणाऱ्या बाईंनी नंतर कबूल केलं.

लोकांनी दोन आठवडे सहन केलं. मग नाशिकच्या एका इंजिनियरांनी आपल्या आईचं चित्र टाकलं. उजवी नाकपुडी मोठी झाली होती. संध्याकाळी त्यांच्या आईच्या नाकात लाल दोरा ओवलेला फोटो ग्रुपवर आला.

सरांचा मला फोन. "ताई, आजोबांना सांगा. आधी कौतुक करायला हवं. यापुढे असं झालं तर मला त्यांचं लिहिणं बंद करावं लागेल."

मी अण्णांना सांगितलं. ते सुईत दोरा ओवत होते, तसेच थांबले.

"मग मी करू काय? चित्र तर मला येत न्हाय."

एवढंच म्हणाले आणि सुई टोपीत टोचून ठेवली. ती तशी टोचून ठेवणं मला बघवलं नाही. घरी आले आणि यादी केली. कौतुकाची दहा वाक्यं, ठळक अक्षरात. एक: रेषेत आत्मविश्वास आहे. दोन: छायेचा सुंदर वापर. तीन: मेहनत दिसते. असं दहापर्यंत. अण्णांनी आधी ती यादी उजेडाकडे धरली, मग मोबाइलशेजारी भिंतीला चिकटवली.

माझ्या याद्या आजवर इतक्या काटेकोर कुणी पाळल्या नाहीत. ते क्रमाने जायचे. दहा झाली की पुन्हा एक. भोपळ्याच्या चित्राखाली 'क्रमांक चार. डोळ्यांतले भाव बोलके आहेत.' एकाने चुकून आपल्या अंगठ्याचा काळाकुट्ट फोटो टाकला, त्याला 'छायेचा सुंदर वापर' मिळालं. त्याने आभार मानले. ग्रुप खूश, सर खूश. अण्णांचे गुडघे पुन्हा दुखू लागले.

आठवड्याने लोंढ्याहून शकुंतलाबाईंचा मला फोन आला. त्या रोज एक तांब्या काढायच्या, आणि अण्णा रोज त्या तांब्याला निदान तीन गाठी मारायचे.

"अण्णांस्नी बरं न्हाय काय हो?"

"बरे आहेत की. का?"

"आज माझ्या तांब्याला त्यांनी 'डोळ्यांतले भाव' म्हटलंय. बाकीची सगळी अंगठा दाखवून जात्यात. अण्णाच तेवढे बघत हुते माझा तांब्या. आता तेबी बघत न्हाईत."

मी फोन ठेवून अण्णांकडे गेले. निरोप द्यायचा आणि शेवटचा गृहपाठ त्यांनी टाकला का ते बघायचं, अशी दोन कामं होती. गृहपाठ होता घरातल्या माणसाचं चित्र. अण्णांनी मोबाइल पुढे केला. सकाळीच टाकलं होतं. बाईचा हात, मनगटात चार बांगड्या, हातात मागाचा धोटा. अण्णांनी काढलेलं इतकं चांगलं चित्र मी पाहिलं नव्हतं. मी सवयीने मोजलं.

"अण्णा, बोटं सहा झालीत."

"मला मोजता येतंय."

"मग?"

ते दांडीकडे बघत म्हणाले, "गंगी लग्नाआधी सोता इणलेली साडी घिऊन दुकानात यायची. पयली साडी लई झ्याक. मी घडी घातली. ती हुबीच. मी काय बोललो न्हाय, गेली. दुसऱ्या खेपेला काठाजवळ एक धागा सुटलेला. म्हणलं, हितं बघा, धागा सुटलाय. हसली. मग दर साडीत एक सुटायला लागला."

"मुद्दाम?"

"चाळीस वर्सं साड्या बघितल्या गं. तुटलेला धागा कंचा आन् सोडलेला कंचा, कळत न्हाय व्हय मला? लगीन झाल्यावरबी तेच. भाकरीची एक बाजू करपायची. चहात साखर न्हाय. मी म्हणायचो, ती हसायची. मला कळतंय, हे कधी सांगिटलं न्हाय मी."

मी ग्रुप उघडला. त्या हाताखाली सतरा मतं होती. सुंदर. वा आजोबा. हृदयस्पर्शी. अंगठा, अंगठा, फूल, अंगठा. सरांनी लिहिलं होतं, 'हाताची रचना अगदी अचूक.'

"सकाळधरनं बघतोय," अण्णा म्हणाले. "एकानंबी मोजली न्हाईत."

मी लिहू का, असं विचारणार होते. पण मी शेजारी राहते, माझं लिहिलेलं जमेस धरलं गेलं नसतं. मी आत जाऊन चहा केला. त्यांच्या कपात साखर घालायची राहिली, ती राहू दिली. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि साखरेचं नाव न काढता दुसरा घेतला. तेवढ्यात मोबाइल वाजला. लोंढ्याच्या शकुंतलाबाई.

'अण्णा, बोटं सहा हायती.'

अण्णांनी कप खाली ठेवला. काठोकाठ भरलेला ग्लास उचलावा तसा जपून मोबाइल उचलला, दाराशी गेले आणि सूर्याकडे धरला. त्यात काही दिसण्यासारखं नव्हतं. बराच वेळ ते तसेच एक डोळा बारीक करून उभे राहिले. मग टोपीतली सुई काढून माझ्याकडे दिली.

"जरा दोरा ओवून दे. तिच्या तांब्याचं तोंड कालपासनं वाकडं हाय." आणि पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाले, "लोंढ्याला उजीड बरा असतोय वाटतं."