रविवारची कचरागाडी

कोर्टकचेरीच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये! वकील न लावता स्वतःचा खटला स्वतः लढवणारा आमच्या गल्लीत मी एकटाच. लढवणारा म्हणजे काय, तर न्यायाधीशांनी विचारलं की "हो" म्हणायचं आणि उठताना कमरेत वाकून नमस्कार करायचा. पण तेवढं तरी किती जणांना जमतं?

तर त्या दिवशी आमच्या तैवानातल्या ताइनान शहराच्या कुटुंब न्यायालयात आमची सुनावणी होती. एका बाजूला मी, काओ यू-चेंग, स्कूटर दुरुस्तीवाला. दुसऱ्या बाजूला माझी बायको पेइ-जुन, हल्ली माहेरी राहणारी. ती नर्स आहे आणि तिच्या कामाच्या पाळ्या इतक्या विचित्र असतात की आम्ही भांडायचोसुद्धा वेळ ठरवून. तिच्या शेजारी सासूबाई. आमची पहिलीतली मुलगी तिंग-तिंग त्यांच्याकडेच राहते, म्हणून त्यांनाही आत बसायची परवानगी मिळाली होती. सासूबाईंचं घर माझ्या दुकानाच्या बरोबर समोर, दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे पोर मला रोज दिसायची, पण गॅलरीतून हात हलवण्यापुरती. वर गेलो की भांडण, खाली बोलावलं की भांडण.

मला फार काही नको होतं. रविवारची संध्याकाळ हवी होती. तिंग-तिंगला कोळंबी पकडायला तळ्यावर नेईन, पकडलेली तिथेच मीठ लावून भाजून खाऊ, असा मी तिला शब्द दिला होता. तो शब्दही आता जुना झाला होता. पोरगी गॅलरीतून विचारायची, "बाबा, कोळंब्या मोठ्या झाल्या असतील ना?" आणि मी मान खाली घालून कुणाच्या तरी स्कूटरचा प्लग पुसत बसायचो. फार वाईट वाटायचं हो.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मुलीला न्यायला गेलं की काय होतं?"

"भांडण," मी म्हणालो.

"भांडण," सासूबाई म्हणाल्या. लग्नानंतर आमचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ!

जेवायची वेळ टळून गेली होती. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही एकाच गल्लीत राहता ना? कचरागाडी आली की दोघंही पिशव्या घेऊन खाली येतच असाल. मग रविवारी गाडीपाशीच मुलीला बाबांकडे द्या, आणि जेवणं झाली की ते तिला आणून सोडतील. अख्ख्या गल्लीसमोर कोण कशाला भांडेल? कळलं?"

"हो!" मी म्हणालो आणि कमरेत वाकलो. चांगला खाली वाकलो, कारण रविवार मिळाला होता!

पायऱ्या उतरताना सासूबाई गालातल्या गालात हसत होत्या. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर येत असेल.

मी गल्लीत पोचलो तो विजयी वीराच्या थाटात. चहाच्या टपरीवर सांगितलं, केस कापणाऱ्याला सांगितलं, गल्लीप्रमुख लो काकूंना तर दोनदा सांगितलं. "कोर्टाचा हुकूम आहे, काकू! रविवारी, कचरागाडीपाशी!"

काकू निवडून आलेल्या बाई, घाईने काही बोलत नाहीत. त्यांनी हातातल्या पेरूचा एक तुकडा खाल्ला, मग म्हणाल्या, "यू-चेंग, रविवारी गाडी असते का रे?"

मी म्हणालो, "अं?"

बुधवार आणि रविवार आमच्याकडे गाडी येत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला ठाऊक आहे, पेइ-जुनला ठाऊक आहे, सासूबाईंना तर झोपेतही ठाऊक आहे. फक्त न्यायाधीशबाईंना नसावं. मोठ्या इमारतीत राहणारी माणसं ती, त्यांच्या तळघरात कचऱ्याची खोली असते. पिशवी नेऊन ठेवली की झालं. आम्हाला मात्र गाडीची धून वाजली की पळत जाऊन पिशवी हातानेच टाकावी लागते. पण समोर न्यायाधीश बोलत असताना "बाई, रविवारी गाडी नसते" असं सांगायची कुणाची छाती आहे?

तरी मी रविवारी नवा शर्ट घालून गल्लीच्या मध्यभागी उभा राहिलो. हातात कचऱ्याची पिशवी घेतली होती. हुकूम तंतोतंत पाळलेला बरा.

"आई!" मी वर बघून हाक मारली. "रविवार आहे! तिंग-तिंगला खाली पाठवा!"

सासूबाई गॅलरीत आल्या. "गाडी कुठे आहे?"

"न्यायाधीशबाई रविवार म्हणाल्या होत्या!"

"गाडीपाशी म्हणाल्या होत्या! गाडी येईल तेव्हा मुलगी देईन. मी कोर्टाचा शब्द मोडणारी बाई नाही!"

गल्लीत दोन पक्ष पडले. केस कापणारा रविवार पक्षाचा, चहावाली गाडी पक्षाची. पेइ-जुन कामावरून परत येत होती, तिला सगळ्यांनी घेरलं. ती म्हणाली, "मला झोपू द्या," आणि वर निघून गेली. सासूबाईंच्या मागे गॅलरीत तिंग-तिंग मासे धरायची छोटी जाळी घेऊन उभी होती. तिने ती हळूच खाली ठेवलेली मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात फोन लावला. कारकून फार सभ्य होता. "साहेब, नोंदीत एवढंच आहे की दोघांनी सामोपचाराने ठरवावं. कचरागाडीचा उल्लेख नाही."

"पण बाई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या!"

"सुनावणीत न्यायाधीश बरंच काही बोलतात. नोंदीत आलं, आदेश निघाला, तरच त्याची अंमलबजावणी होते. हे आपलं सुचवणं झालं."

"म्हणजे मोडलं तर काही करता येत नाही?"

"पुढच्या तारखेला सांगा," तो म्हणाला. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची होती!

मग माझं डोकं चाललं. रविवार आपल्या हातात आहे, गाडी नाही. म्हणजे गाडीच आणायला हवी! दुकानात एका भाजीवाल्याचा टेम्पो दुरुस्तीला आला होता, टपावर कर्णा लावलेला. कचरागाडीची ती पियानोची धून मी शनिवारीच मोबाइलवर भरून घेतली. बेत अगदी साधा होता. रविवारी सासूबाईंच्या गॅलरीखाली टेम्पो न्यायचा, धून हळूच वाजवायची, फक्त दुसऱ्या मजल्यापुरती. त्या पिशवी आणि नात घेऊन खाली येतील. गाडी आली, रविवारही आहे, संपला प्रश्न!

कर्ण्याच्या आवाजाचं बटण शेवटच्या टोकाला अडकलेलं आहे, हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

अहो, ती धून अशी काही गरजली की टेम्पोची काच थरथरली! आणि पाठोपाठ गल्लीतली दारं धडाधड उघडली. आमच्या माणसांना ती धून ऐकू आली की विचार करायची सवयच नाही. पाय आपोआप पळतात. चहावाली गिऱ्हाइकाचा पेला अर्धा भरलेला टाकून धावली. केस कापणारा एका हातात कात्री, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन आला. मागोमाग त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने. शेजारच्या गल्लीतले म्हातारे सपाता फटफटवत आले. "आज रविवार ना?" कुणीतरी ओरडलं. "असेना! सणाची जादा गाडी असेल!" दुसरा ओरडला. मी बटण फिरवतोय, ठोकतोय, शेवटी वायर उपटली, तेव्हा कुठे शांतता झाली. टेम्पोच्या मागच्या हौद्यात पिशव्यांचा डोंगर, आणि त्यावर कुणीतरी नेम धरून टाकलेलं माशाचं डोकं.

आणि गर्दीतून सासूबाई आल्या! एका हातात कचरा, दुसऱ्या हातात तिंग-तिंग!

"बाबा!" पोरगी सुटून माझ्याकडे धावली. मी तिला उचलून घेतलं. टेम्पोच्या वासाचंही काही वाटेना.

तोवर लोकांना खरा प्रकार समजला. मग काय विचारता! "मूर्खा!" "माझा भात करपला!" "हा कचरा आता तुझ्या घरात ठेव!" सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "ही खोटी गाडी आहे! मी खऱ्या गाडीला बांधील आहे! तिंग-तिंग, चल घरी!"

तेवढ्यात लो काकू आल्या. गर्दी आपोआप दुभंगली. त्यांनी आधी टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पर्यावरण खात्याचा माणूस फिरकला तर दंड तू भरशील. उद्या खरी गाडी येईपर्यंत हा सगळा कचरा तुझ्या दुकानात." मग त्या सासूबाईंकडे वळल्या. "आजी, तुमचं म्हणणं काय? गाडी येईल तेव्हा नात द्यायची?"

"अर्थात! खरी गाडी येईल तेव्हा! सगळ्यांसमोर सांगते!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" काकू शांतपणे म्हणाल्या. "बरं झालं. खरी गाडी आठवड्यातून पाच दिवस येते."

लोक बोटांवर वार मोजू लागले. मग चहावालीला हसू फुटलं, आणि ती तर सासूबाईंच्या पक्षाची! गॅलरीतून पेइ-जुन झोपाळू आवाजात म्हणाली, "आई, तूच म्हणालीस."

 सासूबाई खरंच शब्द मोडणाऱ्या बाई नाहीत, हे मला मान्य करायलाच हवं. त्या रविवारी मात्र त्या पोरीला वर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी खरी गाडी वाजत गल्लीत शिरली, तेव्हा मी दुकानातल्या पिशव्या ओढत होतो. पाहतो तर समोर सासूबाई. तिंग-तिंगच्या खांद्यावर जाळी.

"घे," त्या म्हणाल्या, आणि मुलीबरोबर स्वतःची कचऱ्याची पिशवीही माझ्या हातात कोंबली.

"आई, ही पिशवी?"

"न्यायाधीशबाईंनी सांगितलंय. कचरा जावयानेच टाकायचा."

"हे कधी म्हणाल्या त्या?"

"तू खाली वाकून नमस्कार करत होतास तेव्हा."

आता हे नोंदीत कुठेही नाही. आदेश निघालेला नाही. कारकुनाच्या म्हणण्याप्रमाणे याची अंमलबजावणी मुळीच होऊ शकत नाही. पण कोर्टात फोन करून खात्री करायची म्हटली, तर बाकीचंही सगळं उकरून निघायचं! तेव्हा सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी एका हाताने तिंग-तिंगला धरतो आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंचा कचरा टाकतो. काल चहावाली म्हणाली, तिच्याही पिशवीबद्दल न्यायाधीशबाई काहीतरी बोलल्या होत्या म्हणे!