गाळातलं पाडस आणि पिसांचे मानकरी

एका जंगलात, बाळांनो, हुशार प्राण्यांचा सुळसुळाट झाला होता. दिवसभर ते कवठाच्या झाडाखाली बसत आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. उत्तर आवडलं की ऐकणारे त्यांना मोराचं एक पीस देत. मोर बिचारे थंडीत कुडकुडत.

साळिंदरराव तिथले सगळ्यात मोठे मानकरी. पिसं खोचायला त्यांच्या अंगावर जागाही भरपूर होती. कुठला प्रश्न घ्यायचा आणि कुठला नाही, हे तेच ठरवत.

एके सकाळी हरिणी धापा टाकत आली.

"अहो, माझं पाडस तळ्याच्या गाळात रुतलंय! कसं काढू?"

"हा प्रश्न मागच्या उन्हाळ्यात येऊन गेलाय," साळिंदरराव म्हणाले. "आधी जुनी उत्तरं शोधायची, मग विचारायचं."

"तेव्हा रेडकू रुतलं होतं हो!"

"रुतणारा बदलला. गाळ तोच आहे."

वानर फांदीवरून म्हणालं, "पण मुळात पिल्लू मोकळं सोडताच कशाला? आमच्याकडे ते पोटाला चिकटलेलं असतं. रुतायचा प्रश्नच येत नाही."

वा! सभेने माना डोलावल्या. वानराला पिसांवर पिसं मिळाली.

"गाळ किती खोल, ते कुठे सांगितलंय?" टिटवीने विचारलं.

हरिणीचा जीव टांगणीला लागला होता. तरी ती तळ्यावर धावली आणि धावतच परत आली.

"मघाशी गुडघ्यापर्यंत होता. आता पोटाला लागलाय!"

"म्हणजे हा वेगळाच प्रश्न झाला," साळिंदरराव म्हणाले. "नव्याने विचारा. आणि जरा शांतपणे. रडवेला सूर इथे चालत नाही."

बाळांनो, मला इथे त्यांचा असा राग येतो की सांगायची सोय नाही. पण त्यांच्याजवळ जाणार कोण?

हरिणी रडत तळ्यावर परतली. तिथे एक गवा पाणी प्यायला आला होता. पाडस नेमकं त्याच्या वाटेत होतं.

"मध्येच काय बसलंय हे?" असं म्हणून त्याने पाडसाला शिंगांवर उचललं आणि काठावर टाकलं.

हरिणीने पिल्लाला चाटून चाटून स्वच्छ केलं. मग ती भोळी माउली ही आनंदाची बातमी सभेला सांगायला गेली.

"कोणाच्या उत्तराने निघालं?" साळिंदररावांनी विचारलं.

"गव्याने काढलं."

"त्याने उत्तर काय दिलं?"

"उत्तर नाही दिलं. नुसतं उचललं."

"मग ते धरता येणार नाही."

उत्कृष्ट उत्तराचा मान वानराला मिळाला. कारणं न सांगता पाडस काढल्याबद्दल गव्याचं एक पीस कापायचं ठरलं. गव्याकडे पीस नव्हतंच. म्हणून त्याच्या शेपटीचा केस उपटायचं ठरलं.

तो कसा उपटावा, यावर अजून उत्तरं येत आहेत.

तात्पर्य: गाळात रुतायचंच असेल, तर याआधी कोणीही रुतलेलं नाही अशी जागा निवडावी.