जाधवसरांच्या किल्ल्या

सांगलीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये जाधवसरांच्या घराची किल्ली नाही असं घर सापडणार नाही. माझ्याकडे आहे, इस्त्रीवाल्याकडे आहे, दूध घालणाऱ्या मावशींकडे तर दोन आहेत. चोराला कुलूप फोडायची गरजच नाही, शेजारी मागितली तरी मिळेल.

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. गाव कडेगावकडचं, आणि तिकडची बोली त्यांनी वर्गातही सोडली नाही. सारं आयुष्य नदीतल्या माशांची गुणसूत्रं बघण्यात गेलं. किल्ल्यांचं कारण विचारलं की मासाच पुढे करतात.

"आवं मॅडम, पेशीत रायबोसोम असत्यात. प्रथिनं बनवायचा कारखानाच म्हना. त्येचा जनुक मासा एकच ठेवत न्हाई. एकामागं एक, शेकड्यानं प्रती! एक बिघडली तर दुसरी हाय. आन् तुमी घराला किल्ली एकच ठेवता. मासा शाना का तुमी?"

मी कॉलेजात मराठी शिकवते.

एकदा एका शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला, इस्त्रीवाला, दूधवाल्या मावशी आणि माझ्या वडिलांसकट आम्ही सगळे किल्लीवाले एकाच बसनं वाईला गेलो. इकडे सर कचरा टाकायला बाहेर आले आणि मागे दार लागलं. दुपारभर बिचारे जिन्यात बसून. आम्ही ओशाळून परतलो, तर स्वारी खूश!

"लय मोठी चूक घावली! सगळ्या प्रती एकाच गाडीत! म्हनून तर काही माशांत ह्ये जनुक एका जागी न्हाईत, येगयेगळ्या गुनसूत्रांवर पांगल्यात."

दुसऱ्याच दिवशी थेट गावाबाहेर माधवनगरला एका जुन्या विद्यार्थ्याकडे किल्ली पोचली.

खंडेनवमीला लोक अवजारं पुजतात, सर किल्ल्या पुजतात. आम्ही आपापली किल्ली न्यायची आणि त्यांच्या दाराला फिरवून दाखवायची. अडली तर सर कानशीनं घासून बाकीच्यांशी जुळवतात. "माशात प्रती आपसूक जुळत्या ऱ्हात्यात. हितं मला घासाय लागतं." मग किल्ल्यांना हळदकुंकू आणि आम्हाला भडंग.

यंदा सगळे गेल्यावर मी मागे थांबले. म्हटलं, "सर, हे खरंच सगळं माशांमुळं?"

सर कानस पुसत राहिले. मग म्हणाले, "आमची ही घरात पडली, तवा मी मासं आनाय लांब नदीवर गेलतो. दाराला लॅच. तिच्या हाका दूधवाल्या मावशींनी ऐकल्या, पर तुमी समदी भायेर हुता. किल्ली माझ्या खिशात. मावशींनी मानसं गोळा करून दार फोडंस्तवर लय येळ गेला." कानस खाली ठेवून म्हणाले, "तवा एकच हुती."

वरच्या मजल्यावर आमच्या घरी माझे वडील दिवसभर एकटे असतात. आमच्या घराला किल्ल्या दोन, आणि दोन्ही माझ्याच पर्समध्ये. एक काढून मी सरांपुढे धरली. त्यांनी सगळ्यांना किल्ल्या वाटल्या होत्या, त्यांना मात्र आजवर कुणी आपली दिली नव्हती. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, हळदकुंकू लावलं आणि लगेच वर येऊन आमच्या दाराला फिरवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर आमच्या दारात सरांच्या चपला. आत बाबा कानामागे हात धरून रायबोसोम ऐकत होते.

"मॅडम, बाबास्नी एका झटक्यात कळलं बघा," सर म्हणाले.

ते निघाले तसे बाबा त्यांना म्हणाले, "काही कळलं नाही. उद्या जरा लवकर या."