नळाची संख्यामालिका

लेकीला स्कॉलरशिपचं गणित आपणच शिकवायचं, असं मी ठरवलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं म्हणा ना. (मी हापिसात आवक-जावक बघतो. म्हणजे आकड्यांशी आपली रोजचीच उठबस.) ‘संख्यामालिकेतलं गाळलेलं पद शोधा’ या धड्यात तर मी असा रंगलो, की राजनंदिनीलाच माझ्या हातातली पेन्सिल ओढून घ्यावी लागायची.

“पण बाबा, याचा उपयोग काय?”

“उपयोग? आपल्या नळाचंच बघ की. आधी पाणी आलं चौथ्या दिवशी. मग पाचव्या, मग सातव्या. फरक एक, मग दोन. आता फरक तीन. म्हणजे कितव्या दिवशी येणार?”

“दहाव्या.”

“म्हणजे रविवारी!” मी ओरडलो. अख्खं छत्रपती संभाजीनगर नळाकडं डोळे लावून बसलंय आणि उत्तर माझ्या घरात!

त्याच रविवारी माझे सासरे तात्यासाहेब पाचोडहून पहिल्यांदाच आमच्या नव्या घरी जेवायला येणार होते. “पोरगी शहरात दिली, पण तिथं पाय धुवायला पाणी नाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या खेपेला त्यांच्यासमोर धो धो नळ सोडायचाच, अशी माझ्या बायकोची, मोनिकाची जिद्द होती. आठ दिवस ती नळापाशी ठाण मांडून होती.

शनिवारी सकाळी मी टाकीतल्या उरल्यासुरल्या पाण्यानं गाडी धुतली. मोनिका किंचाळलीच.

“अहो, काय करताय हे! उद्या पाणी नाही आलं तर?”

“उद्याच येणार. गणित आहे ते.”

“नळ सोडणाऱ्याला माहितंय का तुमचं गणित?”

(या घरात शास्त्रीय दृष्टी एकट्या मलाच.) एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी दोघींना गाडीत घालून पैठणला नेलं. “आज पाणी येतच नाही, किती राखण करशील? सासूबाईंसाठी पैठणी बघू, जरा हवा खाऊ.” जायकवाडीच्या धरणापाशी उभा राहून मी लेकीला सांगत होतो, “हेच पाणी उद्या आपल्या नळाला!” तेवढ्यात मोनिकाचा फोन वाजला. शेजारच्या विशाखाताई.

“वहिनी, हायेत कुठं तुम्ही? पाणी आलंय! लई प्रेशर हाय! अन् तुमच्या फाटकाला कुलूप!”

मोनिकानं धरणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. गाडी पळवत घरी पोचलो, तर गल्लीत सगळे पाइप गुंडाळत होते. आमचा नळ नुसता फुस्स करून गप्प बसला. टँकरवाल्याला विनवण्या केल्या. तो म्हणाला, “साब, मंगलवार के पैले नहीं होता.”

शेवटी मोनिकानं माहेरी फोन लावला. काय बोलली ते ऐकू आलं नाही. (मी गॅलरीत होतो. म्हणजे, मला तिकडं धाडलं होतं.)

रविवारी दारात पिकअप थांबली. तात्यासाहेबांनी पाण्याचे तीन कॅन उतरवले. मेहुण्यानं, शिवराजनं, दोन. माझ्या सासूबाई, सरूबाई, एक कॅन पाचोडपासून मांडीवर धरून आल्या होत्या. पाव्हण्यांच्या पायांवर पाणी आम्ही घालायचं, तर तात्यांनीच तांब्या भरून माझ्या पायांवर ओतला.

“घ्या पाव्हणं, पाय धुवा. लई हाल व्हतेत तुमचे.”

जेवताना विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, “राजनंदिनीचं गणित लई पक्कं झालंय बरं का! घाल गं आजीला एखादी मालिका.”

राजनंदिनीनं क्षणभर विचार केला. “आजी, आजोबांनी आणले तीन कॅन, मामानं दोन, तू एक. आता बाबांचं पद शोध.”

सासूबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण तोंडातला घासही न गिळता त्या म्हणाल्या, “शून्य!”

पंगतीनं टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात मोनिकानं. (मी मनातल्या मनात फरक पडताळून पाहिला. उत्तर बरोबर होतं.)