शेवंताबाईंचं थर्मामीटर

शेवंताबाई सिस्टरच्या घरी गेलात की पाणी नंतर. आधी काखेत थर्मामीटर. पोस्टमन असो, दूधवाला असो, की लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा, बाई "हात वर करा" म्हणायची आणि खुपसायची. एकदा शेजारच्या शेळीलाही लावलं होतं. शेळीनं ते चावून खाल्लं नाही, हे आमचं नशीब.

गंमत म्हणजे ती स्वतः कधी बघायचीच नाही. काढलं की जवळ असेल त्या पोरीच्या नाकासमोर धरायची. "वाच. मोठ्यानं." एकीचं झालं की दुसरीनं वाचायचं. दोघींचं जुळलं नाही, तर तिसरीनं. म्हातारी भारी संशयी आहे, असं आम्ही मागे म्हणायचो.

यवतमाळच्या दवाखान्यात पोरांच्या वॉर्डात जन्म घालवून ती घाटंजीला येऊन राहिली होती, एकटीच. नर्सिंगला जाऊ म्हणणाऱ्या पोरींना ओसरीवर फुकट शिकवायची. छप्पन्नला आमच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हाच माझ्या बाबांनी ठरवून टाकलं होतं की त्यांची कुसुम नर्स होईल. पण चार वर्षांत आजीनं माझ्यासाठी मुकुटबनचं स्थळ आणलं. घरात कटकट नको म्हणून बाबांनी मधला रस्ता काढला. नर्सिंगच्या शाळेसाठी सिस्टरबाईची शिफारशीची चिठ्ठी आणली तर शिक्षण, नाही तर मुकुटबन. आणि बाई चिठ्ठी काही देईना. सहा महिने पोस्टमनचा ताप वाचून माझं डोकं उठलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी बाकीच्या पोरी आल्याच नाहीत. ओसरीवर मी एकटी. भर दुपारी एक बाई गोधडीत गुंडाळलेलं पोरगं घेऊन धावत आली. गावातले डॉक्टर बाहेरगावी गेलेले. शेवंताबाई चुलीपासून उठून आली, थर्मामीटर लावलं, काढलं, माझ्यापुढे धरलं.

पोरगं किंचाळत होतं, त्याची आई माझा पदर ओढत होती. पाऱ्याची रेघ काही केल्या सापडेना. मी सरळ ठोकून दिलं, "एकशे एक."

बाईनं पोराच्या छातीवर तळहात ठेवला. "हात तं जास्त म्हणून राह्यला. पण चुलीवरचा हात, त्याचा काय भरोसा." मग माझ्याकडे वळली. "एकशे एकच ना?"

मेले मी. हो म्हटलं तर चिठ्ठी, नाही म्हटलं तर मुकुटबन. इतक्यात पोराचं रडणं थांबलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मी वाचलंच नाही, बाई. अंदाजानं सांगितलं."

वाटलं, आता थोबाडीत बसते. तिनं थर्मामीटर नुसतं पुन्हा पुढे केलं. मी उजेडाकडे पाठ केली, हळूहळू फिरवत रेघ शोधली. एकशे चारच्या वर गेली होती. तसं मोठ्यानं सांगितलं. मग बाईनं गोधडी भिरकावली, कोमट पाण्यानं पोराचं अंग पुसलं, आणि कापसाच्या जिनिंगचा ट्रक अडवून मायलेकरांना यवतमाळला धाडलं. चिठ्ठी गेली, असं धरूनच मी घरी आले.

आठ दिवस मी ओसरीकडे फिरकले नाही. आजीनं लग्नाचं लुगडंही पसंत करून ठेवलं. पुढच्या बाजाराला तीच बाई पोराला कडेवर घेऊन माझं घर विचारत आमच्या दारात उभी! तिला सिस्टरकडे घेऊन गेले. शेवंताबाईनं आधी पोराच्या काखेत थर्मामीटर घातलं, आणि मी कोणी न सांगता दोनदा वाचलं. ताप नव्हता.

ती गेल्यावर बाई म्हणाली, "कागद घे. मी सांगतो ते लिही."

लिहून झालं. सही करायला तिनं टाक घेतला, तो कागदाबाहेर सरकला आणि पाटावरच सही उमटली. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"तुम्हाला दिसत नाही, बाई?"

"धूसर दिसते. वॉर्डातच सुरू झालतं. एक दिवस मीबी असंच अंदाजानं सांगतलं. दिसत नाही म्हणायची लाज वाटली मले. ते लेकरू गेलं. मले कोणी काही बोललं नाही, कुसुम. कोणी बोललं असतं तं बरं झालं असतं."

मी तिचा हात धरून कागदावर जागेवर नेला. तिनं सही केली आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

"वाच. मोठ्यानं."

दोनच ओळी होत्या. मी वाचल्या. "ही पोरगी चुकते, पण चुकली म्हणून सांगते. हिला घ्या."