मागच्या सीटवरचा उजेड

आमच्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येकानं एकदा तरी जनूभाऊंच्या जीपमध्ये मागे बसून बोटं दाखवलेली आहेत. दिवेलागणीला तुम्ही भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत येता. जनूभाऊ बंद गाडीत स्टिअरिंग धरून बसलेले असतात. ते हाक मारतात, मागे बसायला सांगतात, पुढच्या आरशात डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, “बोटं दाखवा. सावकाश.” तुम्ही तीन दाखवता. ते म्हणतात, “चार.” तुम्ही ‘चूक’ म्हणालात की सुस्कारा सोडतात, “न्हाय जमला अजून,” आणि मग तुम्ही सुटता. माझ्या सासूबाई रत्नागिरीहून पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यांनाही त्यांनी सोडलं नाही. “जावईबापू, हे डोळ्यांचे डॉक्टर का?” असं त्यांनी मला नंतर हळूच विचारलं.

जनूभाऊ इथल्याच राई गावचे. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. जमीन गेली, बदल्यात तळमजल्यावर दोन खोल्या आल्या. पण मालकी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. पार्किंगला ते अजून खाचर म्हणतात, आणि कुणी आडवी गाडी लावली तर “माज्या बांधावर कोन आला?” म्हणून बाहेर येतात. वय साठीच्या पुढे, अंगात बनियन, आवाज खाडीच्या पलीकडे पोचेल असा.

ही छोटी फोर-बाय-फोर जीप त्यांनी जुनी विकत घेतली. डोंगर चढणारी, चिखल तुडवणारी गाडी. जनूभाऊ तिला केबिन रोडच्या बाजारात कोथिंबीर आणायला नेतात. आमच्या कमिटीच्या सेक्रेटरीनं एकदा विचारलं, की काका, ही ऑफ-रोड गाडी तुम्ही रोडवरच का चालवता? “पावसाल्यात आपला रोड बगितला का तुमी?” जनूभाऊ म्हणाले.

गाडीवर त्यांचा जीव होता, राग फक्त एकाच गोष्टीचा. आत छताला दिवा एकच, तोही पुढे. मागच्या बाकावर संध्याकाळनंतर नुसता काळोख. “पुढच्याला काय, त्याला काच हाय, सगला जग हाय. मागच्याला काय हाय? मागचा काय मानूस न्हाय?” हे वाक्य त्यांनी दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं ठरलेलं वाक्य यायचं, “गावदेवीच्या जत्रेच्या आत मागं उजेड झाला पायजे. न्हायतर आमची बाय येत न्हाय.”

बाय म्हणजे त्यांची धाकटी बहीण, तारा. किनाऱ्यावरच्या उत्तन गावात दिलेली. दरवर्षी चैत्रात जत्रेला माहेरी यायची. या वर्षी मात्र तिनं निरोप धाडला होता, की तुझ्या गाडीतून मी येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीतूनही येणार नाही. दिव्यावरून रुसणारी बहीण मी तरी ऐकली नव्हती. साडीवरून रुसतात, मानपानावरून रुसतात. मला वाटलं, जनूभाऊंची बहीण म्हणजे त्यांच्याच वळणावर गेलेली असणार.

पहिला प्रयोग त्यांनी होडीवरच्या दिव्याचा केला. भाच्याच्या होडीवरून काढलेला, समुद्रात लांबून दिसावा म्हणून बनवलेला दिवा, तो त्यांनी मागे छताला बांधला आणि मला मागे बसवून संध्याकाळी जीप केबिन रोडला काढली. जीपच्या मागच्या काचेतून असा लखलखाट बाहेर पडत होता, की सिग्नलला दोन बायका आत डोकावल्या आणि एकीनं विचारलं, “भैया, नाइटी दिखाओ ना.” लोकांना फिरतं दुकान वाटलं. जनूभाऊंना पुढचं काहीच दिसत नव्हतं, कारण समोरच्या काचेत रस्त्याऐवजी मी दिसत होतो. घरी येईपर्यंत बॅटरी बसली. आम्ही जीप ढकलत आणली.

मग गणपतीतलं लुकलुकणारं तोरण लावलं. ते त्यांना फार आवडलं होतं. पण राईच्या नाक्यावर एका म्हातारीनं गाडी थांबवली, बॉनेटवर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि हात जोडले. आत देव आहे असंच तिला वाटलं. आत मी होतो. जनूभाऊंनी तिचा विरस न करता डॅशबोर्डवरचे बत्तासे काढून तिच्या हातावर ठेवले आणि गाडी पुढे घेतली. त्यानंतर एक तयार दिवा आणला, तो मागचा दरवाजा उघडला की पेटायचा. जनूभाऊंनी त्यावर साधा उपाय काढला. होडीच्या दोरानं दरवाजा उघडाच बांधला आणि तसेच निघाले. उजेड उत्तम पडला, फक्त त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वैनींनी, नुकतंच घेतलेलं तांदळाचं पोतं वाटेतल्या खड्ड्यात उतरलं. वैनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी मीच त्यांना केबिन रोडच्या गल्लीतल्या सलीमकडे घेऊन गेलो. सलीम गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्यानं चहाचा ग्लास हातात ठेवूनच जीपला एक फेरी मारली.

“अंकल, सब लोग इसमें आगे लाइट बढ़ाते हैं, जंगल के लिए. आपको पीछे क्यों चाहिए? पीछे कौन पढ़ाई करता है?”

“पीछे मेरी बहीण बैठती है,” जनूभाऊ म्हणाले.

“पढ़ती है?”

“बोलती है.”

सलीम हसला. मीही हसलो. “बोलने के लिए लाइट किसको लगता है, अंकल?”

जनूभाऊंनी दोन्ही हात छातीसमोर धरले. मग ते हात चालू लागले. एक तळवा पालथा, त्याच्यावर दोन बोटं, मग मूठ, मग गालाला हात. भराभर, न अडखळता. “असा बोलते,” ते म्हणाले. “जन्मापासून ऐकायला न्हाय. उजेड गेला की हिचा बोलना बंद.”

मग त्यांनी गेल्या वर्षीचं सांगितलं. तारा दिवसभर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालते. ते उतरवून झाकल्याशिवाय घर सोडत नाही. त्यामुळे निघायला तिन्हीसांजा होतात. पूर्वी ती पुढे बसायची, पण तिच्या हातांकडे बघता बघता जनूभाऊंनी एकदा जीप रेतीच्या ढिगावर चढवली, तेव्हापासून वैनी तिला मागे बसवायला लागल्या. गेल्या वर्षी वैनी पुढे होत्या आणि तारा मागे एकटी. वाटेत तिच्या पोटात ढवळायला लागलं. तिनं सीटवर थापा मारल्या. भावाला वाटलं, बहीण खुशीत आहे, जत्रेच्या ढोलाचा ताल धरतेय. त्यांनीही स्टिअरिंगवर ताल धरला. घरी उतरली तेव्हा ती रडत होती.

“मला बोलली, घरात मी बोलते, मांडवाखाली बोलते, मच्छीबाजारात भांडते. तुज्या गाडीत मी मुकी होते.” जनूभाऊंनी हे सांगताना हातही हलवले, मुकी म्हणताना तोंडावर तळवा ठेवला. बोटं दाखवताना मी एकदा त्यांना वेडा म्हातारा म्हणालो होतो, अर्थात मनात.

सलीमनं ग्लास खाली ठेवला. पुढच्या दिव्याचं झाकण काढलं, वायर छताच्या कापडाखालून मागे नेली आणि मागच्या काचेच्या वर एक पांढरी पट्टी तिरकी बसवली. उजेड डोळ्यांत नाही, मांडीवर आणि हातांवर पडेल अशी. बटण पुढे देऊ लागला तेव्हा जनूभाऊ म्हणाले, “मेरे पास नको. उसके हाथ के बाजू में डालो. बोलायचा का न्हाय, ती ठरवील.” मग सलीम स्वतः मागे बसला आणि बोटं दाखवली. जनूभाऊंनी प्रत्येक वेळी बरोबर ओळखली.

जत्रेच्या संध्याकाळी आम्ही उत्तनला गेलो. मला त्यांनी आग्रहानं पुढे बसवलं, वैनी मागे. तारा अंगणात उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यात अबोली, शेजारी सुक्या बोंबलांची टोपली. पण हाताची घडी घातलेली. जनूभाऊंनी मागे जाऊन बटण दाबून दाखवलं, परत बंद केलं, मग तिचं बोट धरून त्या बटणावर ठेवलं. तिनं एकदा भावाकडे बघितलं आणि टोपली आत सरकवून वैनींच्या शेजारी बसली.

गाडी निघाली. अंधार पडत गेला. मागे काहीच हालचाल नव्हती. जनूभाऊ दर वळणाला आरशात बघत होते. आरशात काळोख होता. चौक गेला, डोंगरी गावाची चढण गेली. त्यांची जीभ सारखी ओठांवरून फिरत होती.

मग टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि मागे उजेड पडला.

ताराचे हात असे सुटले, की वैनी मागे सरकल्या. जनूभाऊ आरशात बघून हसू लागले, मग हसता हसता त्यांनी मान खाली घातली.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हनते, आरशात काय बगतोस, पुढं बग. म्हातारा झालायस, आमाला मारशील.” त्यांनी डोळे पुसले. “आणि म्हनते, वैनी जाड झाली.”

“मी जाड झाले?” मागून वैनी म्हणाल्या.

जनूभाऊंनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसले. आता चारही हात चालू झाले. मध्येच तारानं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, मध्येच दोघं एकाच वेळी बोलली, मध्येच भांडली. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी तिथून हलावंसं वाटत नव्हतं. पण मागून हॉर्न वाजायला लागले, म्हणून मी उतरलो आणि गाड्यांना बाजूनं वाट दाखवू लागलो. एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, “क्या हुआ, गाडी बंद पडी क्या?”

मी नाही म्हणालो. खिडकीतून आत वाकून म्हटलं, “जनूभाऊ, जत्रा सुरू झाली असेल. निघायचं का?”

“जत्रा रातभर हाय,” ते मागे न वळता म्हणाले. “तिचा बोलून होऊ दे. वर्साचा राह्यलाय.”

मी परत रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.