गिरवलकर मास्तर आणि जळकोटवाली

गिरवलकर मास्तरांसमोर कुणीही आला की पहिला प्रश्न ठरलेला : "आईचं नाव काय? माहेर कुठलं?" एकदा कागद घेऊन आलेल्या ट्रक ड्रायव्हरला त्यांनी हेच विचारलं. तो इतका गडबडला की माल उतरवायच्या आधी त्यानं घरी फोन लावून आईची ख्यालीखुशाली विचारली.

मास्तर माझ्या लातूरच्या छापखान्यात प्रुफं तपासत. भूकंपाआधी ते खेड्यावर शिक्षक होते. मी नांदेडला डोक्यावर कागदाची रिमं वाहून स्वतःचं मशीन उभं केलेला माणूस. लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हा मीही सामान्यज्ञानाचं गाईड छापायला काढलं. त्यातल्या 'थोरांची कुळं' या प्रकरणावर मास्तर अडून बसले.

"झाशीच्या राणीचे वडील मोरोपंत तांबे, हे छापलं. मग भागीरथीबाई कुठं गेल्या?"

"परीक्षेत विचारत नाहीत, मास्तर."

"अहिल्याबाईंचं माहेर शिंद्यांचं, तेही गाळलं. आईचं नाव गाळू नका, शेठ."

छपाईचा फर्मा मशीनवर चढलेला, आणि हे प्रुफाच्या समासात थोरांच्या आया लिहून राहिले! आठ दिवस गेले. तेवढ्यात समोरच्याचं गाईड बाजारात आलं आणि क्लासवाल्यांनी तेच उचललं. ते दुखणं माझ्या मनातून आजही गेलेलं नाही.

मास्तरांना काढायचंच, असं ठरवून मी सकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. ते अकरावीच्या अर्जासमोर बसले होते. शेजारी सुमन, त्यांनी सांभाळलेली मुलगी. भूकंपात तिच्या घरातली ती एकटीच वाचली होती, तेव्हा नुकती चालायला लागलेली. अर्जात 'आईचे नाव' हा रकाना कोरा.

"काहीतरी टाका अन् मोकळे व्हा," मी म्हणालो.

"तेच तर केलं होतं मी," मास्तर म्हणाले. "गेलेल्यांची यादी माझ्या हातची. हिच्या आईपुढं लिहिलं, अमक्याची बायको. सारं गाव तिला जळकोटवाली म्हणायचं, मीबी. रोज शाळेच्या रांजणात घागर ओतून जायची, पण नाव कधी विचारलं न्हाई. आता ती गल्लीच न्हाई. कुणाला विचारू?"

जळकोटला ते चार खेपा घालून आले होते. पण भोवतालच्या कुठल्या खेड्यातली लेक, हे कुणी सांगेना.

मला राग आला. कुणाचा, ते कळेना. "अहो, छापखान्यात बसता आणि पायी हुडकून राहिलात?" दुपारीच मी सुमनच्या आईचं नाव-माहेर विचारणारं हस्तपत्रक छापलं आणि माझ्या छापखान्यातून जळकोटकडे जाणाऱ्या वह्यांच्या प्रत्येक गठ्ठ्यात कोंबलं. पुढच्या गाईडची प्रुफं दोन दिवसांत द्यायची, हा सौदा मात्र आधी करून घेतला.

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी धोतरातला एक माणूस ते पत्रक घेऊन आला आणि सुमनकडे बघतच राहिला.

"आमच्या सोजरचीच लेक हाय ही. मी थोरला भाऊ तिचा. त्या घरात कुणीच वाचलं न्हाई, असं सांगितलं होतं आम्हाला."

सुमननं रकान्यात 'सोजर' लिहिलं. मास्तरांनी ते तीनदा वाचलं. एकही दुरुस्ती केली नाही.

अर्ज दिल्यावर मामा तिला आठ दिवस गावी न्यायला निघाला. स्टँडवर ही गर्दी! मास्तरांनी एसटीच्या खिडकीतून स्वतःची टोपी आत टाकून दोघांसाठी जागा धरली. गाडी हलली तेव्हा टोपी सुमनच्या मांडीवर होती.

"मास्तर, टोपी राहिली की तुमची!" मी ओरडलो.

"राहू द्या," डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले. "ती द्यायला तरी परत येईल."